नवीन साथ आली की घरातले निर्णय कसे घ्यायचे

कसबा पेठेत आमचं मेडिकलचं दुकान आहे. डी. फार्म. करून मी या काउंटरला उभी राहिले त्याला सत्तावीस वर्षं झाली. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तेव्हा मी इथेच होते. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण पुण्यात सापडले, तेव्हाही इथेच होते. दोन्ही वेळा लोक आधी मास्क मागायला आले. आठवडाभरात मात्र प्रश्नांची जात बदलली.

"वहिनी, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू का?" "कामाच्या मावशींना येऊ देऊ का?" "रिक्षाने जाऊ की बसने?" "मुलाला खाली खेळायला सोडू?"

मी सगळ्यांना एकच सांगायचे, "काळजी घ्या." एका रात्री शटर ओढताना एका गिऱ्हाइकाने मला थांबवून विचारलं, "काळजी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी उधारीच्या वहीची मागची पानं उघडली आणि लिहायला बसले. पुढे दोन वर्षं त्यात भर पडत गेली, बरंच खोडलं गेलं. तीच पानं नीट लावून इथे देते आहे. पुढची साथ कोणत्या रोगाची असेल ते सांगता येत नाही, म्हणून तयार उत्तरं देत नाही. उत्तर काढायचं कसं ते सांगते.

पहिलं पान पेन्सिलने भरा

रोग नवा असतो तेव्हा पाच गोष्टी शोधायच्या. तो पसरतो कसा? लक्षणं दिसायच्या आधी पसरतो की नंतर? लागण झाल्यापासून किती दिवसांनी कळतो? सगळ्यात जास्त तडाखा कोणाला बसतो? आणि आज त्यावर उपचार काय आहे? पाच ओळी लिहा, जिथे माहिती नाही तिथे जागा मोकळी सोडा आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख टाका. पेन्सिलनेच, कारण यातलं निम्मं तरी बदलणार असतं.

यातल्या दुसऱ्या ओळीवर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. २००३च्या सार्स या श्वसनाच्या साथीत माणूस चांगला आजारी पडल्यावर रोग जास्त पसरवायचा, त्यामुळे ताप बघून माणसं वेगळी काढता यायची. कोरोना लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरत होता. सोसायटीच्या गेटवर कपाळासमोर ती ताप मोजायची बंदूक धरून आकडा बघायचे आणि आत सोडायचे. ताप नसलेला पण लागण झालेला माणूस त्यातून सहज जायचा. ही एक ओळ कळली की "त्यांना काही होत नाहीये, ठणठणीत आहेत" या वाक्यावर घरातला कोणताही निर्णय टेकवायचा नाही, हे ठरून जातं.

आणि सल्ला बदलला म्हणून चिडू नका. मार्च २०२०मध्ये निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असं सांगत होते. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारनेच घरी शिवलेला मास्क लावायला सांगितलं. काउंटरवर लोक म्हणायचे, "यांचंच यांना कळत नाही, आपण कशाला ऐकायचं?" मला ते ऐकून फार वाईट वाटायचं. नव्या रोगात सल्ला बदलणं म्हणजे कुणीतरी रोज बघतंय, मोजतंय. पेन्सिलने लिहिलं असेल तर खोडायला जड जात नाही.

हवा कुठे कोंडते ते बघा

श्वासातून पसरणारा रोग असेल तर तीन गोष्टींचा गुणाकार मनात ठेवा: किती माणसं, किती वेळ, आणि तिथली हवा कशी. तिन्ही कमी करता आल्या नाहीत तरी एक कमी केली की गुणाकार उतरतो.

दोन घटना मी गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा सांगितल्या. चीनमधल्या ग्वांगझू शहरात २४ जानेवारी २०२० रोजी एका बिनखिडकीच्या रेस्टॉरंटमध्ये तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली होती. एकाला लागण झालेली होती. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता. त्या तीन कुटुंबांतले, त्या एकाला धरून, दहा जण आजारी पडले. बाकीची टेबलं आणि वाढणारे वाचले. दुसरी घटना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली. १० मार्चला एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. दारात सॅनिटायझर होता, लोकांनी हस्तांदोलनही टाळलं होतं. ६१ जणांतले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. हात स्वच्छ होते. पण बंद हॉलमध्ये सगळे छाती भरून गात होते.

आपल्या जागेतली हवा कशी आहे हे कळायला यंत्र लागत नाही, उदबत्ती पुरते. दुकानाच्या मागे माल ठेवायची आमची खोली आहे, दहा बाय आठची. एका दुपारी मी तिथे दार-खिडकी लावून स्टुलावर उदबत्ती ठेवली. धूर सरळ वर गेला, छताला टेकून पसरला आणि हळूहळू खोक्यांच्या उंचीपर्यंत उतरला. उदबत्ती विझल्यावर अर्ध्या तासानेही आत पाऊल टाकताच वास नाकात भरला. मग मागची खिडकी उघडली, पुढचं दार उघडं ठेवलं आणि एक्झॉस्ट पंखा लावून दुसरी उदबत्ती पेटवली. धुराची रेघ उठताच वाकडी होऊन पंख्याकडे ओढली जात होती, छतापर्यंत पोचतच नव्हती. त्या दिवसापासून दुकानातलं जेवण आम्ही त्या खोलीत करणं बंद केलं. एकेकाने मागच्या दारात बसून डबा खायचा, असं ठरलं. तुमच्या घरात, ऑफिसात, क्लासच्या खोलीत हे करून बघा. छताचा पंखा नुसती तीच हवा फिरवतो. हवा बाहेर जायला एक वाट लागते आणि आत यायला दुसरी.

मग काउंटरवरच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप येऊ लागतात. बंद काचांच्या टॅक्सीपेक्षा रिक्षा बरी, कारण ती दोन्ही बाजूंनी उघडी. बसने जायचं तर गर्दी नसलेल्या वेळी, खिडकी उघडून. लिफ्टपेक्षा जिना, ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांनी. एसी मॉलमधल्या भाजीपेक्षा सकाळी सातला मंडईबाहेरच्या गाडीवरची भाजी. आणि मुलांना खाली मैदानात खेळायला जरूर पाठवा. एप्रिल-मेमध्ये घरात कोंडलेल्या मुलांचे चेहरे मी गॅलऱ्यांमधून बघितले आहेत.

माणसांच्या आकड्यासाठी मी बिलाच्या कॅल्क्युलेटरवर एक हिशोब करून भिंतीला चिकटवला होता. समजा गावात शंभरात एक माणूस रोग पसरवण्याच्या अवस्थेत आहे. दहा जण जमले तर त्यात असा निदान एक असण्याची शक्यता साधारण दहा टक्के. पन्नास जमले तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. शंभर जणांच्या कार्याला त्रेसष्ट टक्के. लग्नाची यादी घेऊन आलेल्या एका वडिलांनी तो कागद बराच वेळ वाचला. पुढच्या आठवड्यात त्यांनी लग्न वाड्याच्या अंगणात बावीस माणसांत उरकलं.

शंभरात एक हा आकडा कुठून आणायचा? जाहीर होणाऱ्या रुग्णसंख्येवर पूर्ण विसंबू नका. तपासण्या कमी असतात तेव्हा आकडा कमी दिसतो. पुण्यात २०२०च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत रक्त तपासून पाहणी झाली, त्यात ५१.५ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली. म्हणजे सापडलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट लोकांना लागण होऊन गेली होती. तपासलेल्या शंभरांत किती जण बाधित निघतात आणि दवाखान्यात खाटा मिळतात की नाही, हे दोन आकडे जास्त खरं सांगतात. शिवाय आज होणारे मृत्यू साधारण तीन आठवड्यांपूर्वीच्या लागणीचे असतात. रुग्ण दर पाच दिवसांनी दुप्पट होत असतील तर वीस दिवसांत ते सोळापट झालेले असतात. आकडा लहान असतो तेव्हाच सावध व्हायचं ते म्हणूनच.

आमच्या घरात काय झालं

हे लिहायला मला जड जातं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही दुकानाच्या वरच राहतो. माझ्या सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वीस वर्षांची शुगर. त्यांना जपायचं म्हणून आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचो, किराणा दोन दिवस जिन्यात ठेवायचो, नोटांना इस्त्री करायचो, दाराच्या कड्या दिवसातून चारदा पुसायचो. रोज तास-दीड तास त्यात जायचा आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकवताना वाटायचं की आज सगळं केलं. २०२०च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझे चुलतदीर आणि जाऊबाई भेटायला आले. पाऊस जोरात होता, म्हणून माजघरातली खिडकी लावून घेतली. चहा झाला, चहासाठी मास्क निघाले, गप्पांमध्ये दीड तास गेला. दोन दिवसांनी दिरांचा फोन आला, अंगात ताप आहे. पाचव्या दिवशी सासूबाईंना कोरडा खोकला सुरू झाला.

बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ९६ दाखवत होता. त्या म्हणत होत्या, "मला काही होत नाहीये, उगीच धावपळ नको." मी त्यांना हात धरून तीन मिनिटं घरातल्या घरात चालवलं आणि पुन्हा बोट लावलं. ९१. तीन ठिकाणी फोन झाले, चौथ्या ठिकाणी खाट मिळाली. नऊ दिवसांनी, गणपतीच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या.

दुधाची पिशवी धुणं चूक नव्हतं. मार्चमध्ये पृष्ठभागावर विषाणू किती तास टिकतो याच्याच बातम्या होत्या. पण आमची सगळी शक्ती त्यात खर्च झाली आणि खरा धोका चहाच्या कपासमोर बसला होता. पुढे एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की अशा वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता दर स्पर्शाला दहा हजारांत एकाहूनही कमी असते. म्हणून दर पंधरा दिवसांनी स्वतःला विचारा: आपली मेहनत जिथे जाते आहे, तिथूनच रोग यायची शक्यता जास्त आहे का? नसेल तर ती काढून योग्य जागी लावा. हात धुणं चालू ठेवा, पोटाच्या विकारांसाठीही ते चांगलंच. बाकीचं सोडलं तरी चालेल.

काय थांबवायचं, काय मुळीच थांबवायचं नाही

प्रत्येक गोष्टीला "गेलं तर काय होईल" असं विचारतो, तसं "नाही गेलं तर काय होईल" हेही विचारायला हवं. हे मी पोटतिडकीने सांगते. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी छातीत दुखत असताना "दवाखान्यात कोरोना लागेल" म्हणून दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रडत गोळ्या मागायला आला, तेव्हा गोळ्यांची वेळ निघून गेली होती. २०१९मध्ये देशात टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२०मध्ये १८ लाखच. टीबी कमी झाला नव्हता, माणसं तपासायला आली नव्हती.

म्हणून डायलिसिस, केमो, बाळांच्या लसी, गरोदरपणातल्या तपासण्या, छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, शुगर-बीपीच्या गोळ्या यांना साथीत सुट्टी नाही. जाताना सकाळची पहिली वेळ घ्या, एकच माणूस सोबत न्या, चांगला बसणारा एन-९५ लावा. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ येत असेल तर मास्क नाकापाशी उघडा आहे. पट्टी दाबून पुन्हा बसवा. व्हॉल्व्हचा मास्क नको, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर पडतो.

डोळ्याच्या ऑपरेशनचं उत्तर डॉक्टरला एकच प्रश्न विचारून मिळतं: "तीन महिने थांबलं तर नुकसान होईल का?" मोतीबिंदू बहुधा थांबतो. काचबिंदूत दाब वाढला असेल तर थांबत नाही.

उरलेल्या गोष्टी रद्द करण्याआधी बदलून बघा. जागा बदला, वेळ कमी करा, माणसं कमी करा. २०२०च्या गणपतीत पाचही मानाच्या गणपतींचं विसर्जन मिरवणुकीशिवाय, मांडवातच हौद करून झालं. इतकी वर्षं लक्ष्मी रोडला उभी राहून मिरवणूक बघितलेली मी, त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. पण गणपती बसला आणि विसर्जनही झालं.

पाहुण्यांना नाही म्हणणं सगळ्यात अवघड. त्यासाठी निमंत्रण यायच्या आधीच घरात नियम ठरवा आणि बोलायचं वाक्यही ठरवून ठेवा. आमचं वाक्य होतं: "मामा, या ना, गच्चीवर बसू. चहा मी वर घेऊन येते." 'येऊ नका' म्हणावं लागत नाही, आणि पाऊस असेल तर "पाऊस थांबला की या". त्या ऑगस्टनंतर आम्ही हे एकदाही मोडलं नाही.

घरात सगळ्यात नाजूक कोण आहे ते बघून घराची मर्यादा ठरते, आणि सगळ्यात जास्त बाहेर कोण जातं त्याने ती पाळायची असते. आमच्याकडे बाहेरची मी होते, दिवसाला दीडशे माणसं माझ्यासमोर उभी राहायची. मी गॅलरीत झोपायला लागले आणि जेवायला शेवटी, एकटी बसायचे. सासूबाईंची खुर्ची मी नाही, घरातल्यांनी विचारून त्यांच्या पसंतीच्या खिडकीशी ठेवली. म्हाताऱ्या माणसांना न विचारता कोंडू नका. त्यांनाही स्वतःची जोखीम तोलता येते, आणि त्यांनी ठरवलेलं ती मनापासून पाळतात.

ज्यांचं सगळं घरच एका खोलीत आहे त्यांना "वेगळ्या खोलीत राहा" सांगण्यात अर्थ नाही. आजारी माणसाला खिडकीच्या बाजूला, बाकीच्यांना दाराच्या बाजूला झोपवा, रात्री दोन्ही उघडी ठेवा, सामायिक संडासाला जाताना मास्क लावा. सरकारी विलगीकरण केंद्र असेल तर तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. धारावीत शाळा आणि हॉल ताब्यात घेऊन हेच केलं गेलं, म्हणून तिथल्या दाटीत साथ आवरता आली.

घरात काय ठेवायचं

थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉलच्या दोन स्ट्रिप, ओआरएसची चार पाकिटं, आणि रोजच्या गोळ्या एक महिना जास्तीच्या. सहा महिन्यांच्या भरू नका. २०२०च्या मार्चअखेरीला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मलेरियाचं औषध, कोरोनावर चालेल असं बोललं जात होतं म्हणून, बाजारातून गायब झालं, कारण निरोगी लोकांनी 'असू दे' म्हणून साठवलं. माझ्याकडे ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) झालेली एक मुलगी वर्षानुवर्षं त्या गोळ्या घ्यायची. तिच्यासाठी दोन स्ट्रिप मी ड्रॉवरमध्ये लपवून ठेवल्या आणि पाचपट पैसे देणाऱ्यांना नाही म्हटलं.

ऑक्सिमीटर लावायची पद्धत नीट शिका. पाच मिनिटं शांत बसा, हात गार असेल तर चोळून कोमट करा, नेलपॉलिश किंवा मेंदी असलेलं बोट टाळा. आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या, पहिला आलेला आकडा लिहू नका. सावळ्या त्वचेवर यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, म्हणून एका आकड्यापेक्षा रोजचा उतार बघा. कोरोनात बसून ९४च्या खाली, किंवा सहा मिनिटं चालून तीनने उतरला, तर दवाखाना. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटंच चालायचं, आणि धाप लागत असेल तर चालून बघायचंच नाही, थेट निघायचं.

स्टेरॉइड स्वतःच्या मनाने मुळीच नको. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचतात हे दिसलं, पण ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे. ज्यांना तो लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. तरी लोक माझ्याकडे पहिल्याच दिवशी, चिठ्ठीशिवाय मागायला यायचे. पुढच्या वर्षी काळ्या बुरशीचे रुग्ण आले तेव्हा त्यांच्यात शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली. काढा आवडत असेल तर कपभर घ्या, पण त्याच्या भरवशावर लग्नाला जाऊ नका. भाजी साबणाने किंवा ब्लीचने धुऊ नका, पाणी पुरे. सॅनिटायझर लावून लगेच गॅसपाशी जाऊ नका.

लागण झालेल्या माणसाशी भेट झाली तर दुसऱ्याच दिवशी तपासणीला धावण्यात अर्थ नसतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस निर्धास्त होऊन फिरतो. पाच दिवस थांबून करा आणि तोवर घरातही मास्क लावा.

एका फाइलमध्ये आधार, चालू गोळ्यांची यादी, ॲलर्जी, जुने रिपोर्ट आणि चार दवाखान्यांचे नंबर ठेवा. आमच्या त्या रात्री हे सगळं मी ड्रॉवर उपसून शोधलं, आणि तेवढा वेळ सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून होत्या.

शेवटचं, पानावर वर उजव्या कोपऱ्यात पुन्हा बघायची तारीख लिहा, पंधरा दिवसांनंतरची. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसून एकेक ओळ वाचायची: हे अजून खरं आहे का, हे अजून करायचं का. आणि ते पान वहीत ठेवू नका, फ्रिजच्या दारावर लावा. माझं वहीत होतं, म्हणून त्या पावसाच्या दिवशी खिडकी लावताना ते कुणीच वाचलं नव्हतं.